माझी भट्टीकडची काउंटरपार्ट

आमच्या संस्थेत तो शब्द आला तेव्हा मी खूश झाले होते, हे आधीच कबूल करते. पुढे त्याच शब्दाचा मला एवढा राग आला की कोणी सहज जरी उच्चारला तरी मी उठून बाहेर जाते. पण पहिल्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते.

जव्हारला एका हॉलमध्ये प्रशिक्षण होतं. मुंबईहून आलेल्या मॅडमनी फळ्यावर दोन गोल काढले. एक आमच्या पाड्यांचा, दुसरा भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांचा. मध्ये एक रेघ ओढून त्या म्हणाल्या, "इथल्या प्रत्येक कार्यकर्तीला तिकडे एक काउंटरपार्ट असेल." मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं, म्हणजे काय हो? मॅडमनी जरा विचार करून सांगितलं, "समकक्ष." समकक्ष हा शब्द सरकारी आदेशात बरा दिसतो, पण तो तोंडात घेऊन फोन कसा करणार? "हॅलो, माझी समकक्ष बोलतेय का?" चहाच्या सुट्टीत आम्ही यावर पोट धरून हसलो आणि काउंटरपार्टच बरा, असं ठरवून टाकलं.

काम काय होतं ते सांगते. दिवाळी झाली, भात झोडून झाला की आमच्याकडचे पाडे रिकामे व्हायला लागतात. माणसं जगायला जातात. कामाला जातात असं इथे कोणी म्हणत नाही, जगायला जातात असंच म्हणतात. ट्रक येतो, भांडी, गोधड्या, पोरं त्यात चढतात, कोंबड्या शेजारच्या म्हातारीकडे राहतात आणि पुढचे पाच-सहा महिने घराला कडी असते. त्यांच्यात पोटुशी बाई असेल, तान्हं मूल असेल, तर त्याची नोंद ठेवायची आणि ते जिथे जाईल तिथे त्याच्याकडे लक्ष द्यायचं, हे माझं काम. वावर-वांगणीची मुलं कुपोषणाने गेली तेव्हा मी शाळकरी होते. घरातली मोठी माणसं त्याबद्दल आवाज खाली करून बोलायची. ते कानात राहिलं होतं म्हणूनच मी या कामात आले, असं मी मुलाखतीतही सांगितलं होतं.

काउंटरपार्ट येण्याआधी मी महिन्यातून एकदा मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याहून एसटीने स्वतः भट्ट्यांवर जायची. पाठीचा खुळखुळा व्हायचा. कुठली भट्टी कुठे आहे ते सापडायचं नाही, मुकादम आत सोडायचा नाही, धुळीने नाक भरायचं. पण बाई दिसायची. शब्द आला आणि ते जाणं बंद झालं. आता माझ्या यादीतली बाई तिकडे गेली की मी काउंटरपार्टला मेसेज टाकायचा. ती जाऊन बघणार, बीपी घेणार आणि मला कळवणार. तिच्याकडची बाई इकडे माहेरी आली की ती मला टाकणार आणि मी जाऊन बघणार. फोनमधल्या शीटवर दोघींची नोंद पडली आणि ती जुळली की ती ओळ हिरवी होई. एकीचीच असली तर लाल. महिन्याच्या मीटिंगला साहेब फक्त रंग बघायचे.

हळूहळू तो शब्द आमच्या बोलण्यात मिठासारखा मिसळला. "काउंटरपार्टला टाकलंय" म्हटलं की विषय संपला. शेऱ्याच्या रकान्यात "काउंटरपार्टला कळवले" लिहिलं की पुढचं विचारायची कोणाची प्राज्ञा नव्हती. काउंटरपार्ट रजेवर आहे, काउंटरपार्टने अजून भरलं नाही, काउंटरपार्टशी बोलून सांगते. आमचे हे शिंपीकाम करतात. ते मशीन थांबवून विचारायचे, "अगं, मी या घरात कोणाचा काउंटरपार्ट?" मी म्हणायची, तुमच्या जोडीचा अजून जन्माला यायचाय. पाड्यावरच्या बायकांनी मात्र तो शब्द कधी घेतला नाही. त्या सरळ "तुझी जोडीदारीण" म्हणायच्या.

माझ्या वाट्याला आलेल्या जोडीदारणीला मी दोन वर्षं पाहिलं नव्हतं. फक्त आवाज ओळखायची. दुपारी जेवण झालं की तिचा फोन यायचा. दोघी एकमेकींना ताई म्हणायचो, कोण मोठी हे विचारायचं राहूनच गेलं. साहेबांची नक्कल ती इतकी हुबेहूब करायची की मला ठसका लागायचा. आगरी पद्धतीचं सुकटाचं कालवण मी तिच्याकडून फोनवर शिकले. बाई चांगली होती, हे मी अजूनही म्हणते.

पहिली खोटी नोंद माझी. तिची नव्हे. पावसाळ्यात तिच्याकडची एक बाई इकडे आली होती, लांबच्या पाड्यावर, आणि ओहोळाला पाणी होतं. महिनाअखेर होती. तिचा मेसेज आला, "ताई, एवढी एक ओळ लाल आहे." मी ओट्याजवळ उभी राहून टाईप केलं, "भेट झाली. ठीक. बीपी १२०/८०." दोन मिनिटांत ओळ हिरवी. पाणी ओसरलं की जाऊ, असं मनाशी म्हटलं. पाणी ओसरलं, पण तोवर दुसरी महिनाअखेर आली होती.

एकदा पाय घसरला की वाट सरावाची होते. जी बाई मी पाहिली नसेल तिचं बीपी मी नेहमी १२०/८०च लिहायची. खऱ्या बायकांचं बीपी कधी ११६ असतं, कधी १३४, कधी पट्टा दोनदा बांधावा लागतो. न पाहिलेल्या सगळ्या बायका कशा ठणठणीत.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावरची एक पोर माझ्या यादीत होती. पोर म्हणजे विशीची असेल. दुसरं बाळंतपण. पहिलं मूल पोटातच गेलेलं. सातवा लागला आणि तिच्या पायांना सूज यायला लागली. नागली झोडत होती तेव्हा मी तिचं पाऊल अंगठ्याने दाबून पाहिलं, तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. बीपी १४६/९६. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, दर आठवड्याला बीपी बघा, हिला जड काम नको, डोकं दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या.

ट्रक चार दिवसांवर आला होता. नवरा आणि सासू जाणारच होते. पोरीची आत्या जामसरला होती, तिच्याकडे तिला ठेवायचं असं एकदा ठरलंही होतं. पण नवऱ्याला सोडून राहायला ती तयार नव्हती. सासू पाय पसरून दारात बसली होती. ती मला म्हणाली, "तू सांग बाई. तू सांगशील तसं करू. नेऊ का ठेवू?"

माझ्या हातात होतं. मी "ठेवा" म्हटलं असतं तर ती राहिली असती. त्या घरात माझा शब्द चालायचा. पण पोर माझ्याकडे अशी बघत होती की मला ठेवा म्हणवेना. मी म्हटलं, "न्या. पण तिला विटा उचलू देऊ नका. तिकडे माझी काउंटरपार्ट आहे, ती दर आठवड्याला येऊन बघेल."

"ती कोण?"

"माझी जोडीदारीण. माझं जे काम तेच तिचं."

पोरीने विचारलं, "ती तुझेसारखीच हाय का?"

मी हसून म्हटलं, "अगदी माझ्यासारखीच."

ट्रक गेला त्याच दुपारी मी सगळं सविस्तर टाकलं. भट्टी कुठल्या गावाच्या हद्दीत, मुकादमाचा फोन, औषधं, पहिलं मूल गेलेलं, सगळं. खाली लिहिलं, "ताई, हिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव." तिचा हात जोडलेला इमोजी आला.

पुढच्या सोमवारी मेसेज आला, "भेट झाली. ठीक. बीपी १२०/८०."

मी उंबऱ्यात बसून वरई निवडत होते. सूप बाजूला ठेवलं आणि परत वाचलं. गोळ्या लागू पडल्या असतील, असं म्हटलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. त्याच्या पुढच्या सोमवारी १२०/८०. तिसऱ्या सोमवारी मी मुद्दाम घड्याळ लावून बसले. "आज ती पोर बघितलीस का?" असं विचारलं, आणि चार मिनिटांत उत्तर आलं, भेट झाली, ठीक, १२०/८०. तिच्या घरापासून भट्ट्या किती लांब आहेत हे मला पूर्वीच्या फेऱ्यांमुळे माहीत होतं. चार मिनिटांत तर चप्पलही घालून होत नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या कोणाला त्या आकड्यात काही दिसलं नसतं. साहेबांना तर हिरवा रंग दिसत होता. मला दिसलं, कारण तो माझाच आकडा होता.

आता एखादी शहाणी बाई काय करेल? फोन उचलून ओरडेल, किंवा सरळ एसटीत बसेल. मी यातलं काही केलं नाही. ओरडायचं कुठल्या तोंडाने? तिने उलट विचारलं असतं, "ताई, तुमच्या ओळी कशा हिरव्या होतात?" साहेबांना सांगावं तर दोघींच्या सगळ्या ओळी उघडल्या गेल्या असत्या. तेरी भी चूप, मेरी भी चूप, असा आमचा न बोललेला करार होता आणि तो मी सुरू केला होता. शेवटी मी घाबरत घाबरत एवढंच लिहिलं, "ताई, तू स्वतः जाऊन बघतेस ना?"

तिचं उत्तर आलं, "हो ताई. तुम्ही बघता तसंच."

माझ्या खोट्या नोंदी तिला ठाऊक होत्या, का ती साधेपणानेच तसं म्हणाली, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. मुकादमाला फोन लावला, तो बंद. पोरीच्या नवऱ्याकडे फोन होता, तोही लागेना. दोन दिवस मी घरात आदळआपट केली. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं, काय झालंय? मी त्यांच्यावरच खेकसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मी निघाले, पण भट्टीकडे नाही. माझ्या नावावर तेव्हा एक न पाहिलेली बाई होती. काउंटरपार्टकडून आलेली, भट्टीवर बाळंत होऊन माहेरी आलेली. तिच्यापुढे मी तीन वेळा १२०/८० लिहिलं होतं. माझ्या डोक्याने असं घेतलं की मी हिला न बघता लिहिलं आणि ही जर धडधाकट असेल, तर तिकडची माझी पोरही तशीच असणार. दोघीजणी एकमेकींच्या जोडीच्या. इकडचं पारडं ठीक निघालं की तिकडचंही ठीक. देवाला कौल लावतात तसा मी त्या बाईला लावला. शिकलेली बाई मी, लोकांना भगताकडे जाऊ नका म्हणून सांगत फिरते.

जीपने अर्धा तास, मग पायी. दोन ओहोळ, आता कोरडे. चढण संपता संपता कुत्री भुंकायला लागली आणि मला धाप लागली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस. घराच्या दारावर काटक्या टेकवून ठेवलेल्या पाहिल्या आणि मला वाटलं, गेली. घरात कोणी नाही म्हणजे गेलीच. शेजारच्या म्हातारीने बोट दाखवलं. बाई मागच्या बाजूला शेणी थापत होती. मूल झोळीत. चांगलं गुटगुटीत, मुठी आवळून झोपलेलं.

मी तिला हात धुवायला लावले, तिला सावलीत बसवलं आणि पट्टा बांधला. ११८/७८. मी परत बांधला. तेवढंच. मी मोठ्याने हसले. ती बिचारी बघत राहिली. म्हणाली, "आजवर तं तू कदी आली नाय. आज काय झालं?"

मी म्हटलं, "काही नाही गं. सहज."

तिने कोरा चहा दिला. मी तो सावकाश प्यायले. बाळाचं वजन घेतलं, कार्ड भरलं, चार गोष्टी सांगितल्या. सगळं खरं, जागेवर बसून. येताना माझी पावलं हलकी पडत होती. घरी येऊन मी नीट जेवले, कितीतरी दिवसांनी. उद्या नाही तर परवा सावकाश भट्टीवर जाऊन येऊ, असं ह्यांना म्हटलं. कसली घाई आहे, असंही म्हटलं. मी उच्चारलेलं ते वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तिचा फोन आला. आमची वेळ दुपारची होती, त्यामुळे नाव दिसताच मी समजायचं ते समजले. आवाज तिचा वाटतच नव्हता. "ताई, ती तुमची मोखाड्याची बाई. ती नेमकी कुठल्या भट्टीवर आहे? पत्ता परत टाका ना."

तीन सोमवार झाले होते आणि ती मला पत्ता विचारत होती.

मी म्हटलं, "काय झालंय?"

"सरकारी दवाखान्यात एक बाई आणलीय म्हणे, मोखाड्याकडची. पहाटे झटके आले. आमच्या इथला रिक्षावाला सांगत होता. तुमचीच का ते बघायचं होतं."

मिळेल त्या गाडीने मी निघाले. जव्हारचा घाट, मग वाडा, मग पुढे. रस्त्यात मी काय विचार करत होते ते आठवत नाही. फक्त हातातली पिशवी इतकी घट्ट धरली होती की उतरले तेव्हा बोटं सरळ होईनात.

ती स्टँडवर उभी होती. न सांगता ओळखली. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच सुटत चाललेली, खांद्याला संस्थेची तीच निळी पिशवी, त्यातून बीपीच्या मशीनची नळी बाहेर आलेली. आरशात बघावं तसं वाटलं आणि मला तिची किळस आली. ती माझ्याकडे बघत होती त्यावरून तिलाही तसंच काहीसं वाटलं असावं. "ताई," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिला धरलं नाही. झिडकारलंही नाही. आम्ही रिक्षात बसलो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात पोरीची सासू भिंतीला टेकून बसली होती. नवरा कागदांवर अंगठे द्यायला कुठेतरी गेला होता. सासूच्या मांडीवर पोरीच्या हातातल्या काचेच्या बांगड्या होत्या, काढून दिलेल्या. ते बघितल्यावर मला विचारायचं काही उरलं नाही. तरी मी विचारलं, "बाळ?"

"दोघं बी गेली. येरवाळीच, उजाडायच्या आधी."

मी तिच्याशेजारी खाली बसले. ती माझ्याकडे न बघता सांगत राहिली, जसं कोणी बाजारातलं सांगावं. भट्टीमालकाने आठ दिवसांपूर्वी त्यांना दुसऱ्या भट्टीवर हलवलं होतं. पोर विटा उचलत नव्हती, नुसती स्वयंपाक करायची. "परवादिशीपून डोका दुखं म्हणं. काल दिवसभर तिला दिसंच ना. चूल दिसं ना. मी म्हनला, जाऊ दवाखान्यात. ती म्हनली नको, आज ती बाई येल. खोडाळ्याच्या बाईची जोडीदारीण. येल, पट्टा बांधल, मंग ती सांगल तसं करू."

काल दिवसभर. काल दुपारी मी धडधाकट बाईला दोनदा पट्टा बांधून हसत होते.

माझी काउंटरपार्ट तोंडाला पदर लावून उभी होती. सासूने आता पहिल्यांदा मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, तिच्या पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या पिशवीकडे.

"हीच का ती तुझी?" तिने मला विचारलं.

मी म्हटलं, "हो."

म्हातारीने मांडीवरच्या बांगड्या पदरात घेतल्या आणि गाठ मारली.

"दोन दोन बाया कशाला ठेवल्या गं," ती म्हणाली. "एक आली असती तं पुरं होतं."